बाबलीच्या देखत

दाखला हातात पडला तेव्हा गुरुप्रसादला सगळ्यात आधी आनंद झाला, ही गोष्ट त्याने पुढे कुणालाच सांगितली नाही. मालवणच्या सेतू केंद्रातली ती गर्दी, ओल्या छत्र्यांचा वास, फक्त काउंटरवरच्या मुलीलाच वारा घालणारा पंखा, आणि या सगळ्यात त्याच्या हातात नुकताच प्रिंटरमधून निघालेला गरम कागद. त्यावर त्याचं नाव, बापाचं नाव, वाडी, तालुका, आणि खाली वार्षिक उत्पन्न: नऊ लाख चाळीस हजार. आकड्यात आणि अक्षरातही. आपल्या नावासमोर एवढी मोठी रक्कम सरकारने आपणहून लिहून द्यावी, हे काही रोज होत नाही. त्याची छाती इंचभर पुढे आली. फ्रेम करून बाहेरच्या पडवीत, पाहुण्यांना चप्पल काढताना दिसेल अशा जागी लावावा, असंही मनात येऊन गेलं. आणि मग शेजारून संचिताने मान वाकवून तो कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि अगदी हळू म्हणाली, "बाबा, आठच्या वर गेला ह्या."

आठच्या वर गेलं म्हणजे काय झालं ते त्याला कळायला वेळ लागला नाही. संचिताचा नंबर कोल्हापूरच्या आर्किटेक्चर कॉलेजात लागला होता, स्वतःच्या मार्कांवर लागला होता. मुलींना फी माफ, पण घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्याचा दाखला हवा. शनिवारपर्यंत दाखला द्या, नाहीतर पूर्ण फी भरा, असं कॉलेजच्या माणसाने फोनवर सांगितलं होतं. पूर्ण फी हा शब्द गुरुप्रसादच्या घरात उच्चारलासुद्धा गेला नव्हता, कारण उच्चारून उपयोग नव्हता. आणि आता सरकारच सांगत होतं, की गुरुप्रसाद ती सहज भरू शकतो. "तेंचा कायतरी चुकला आसतला," तो म्हणाला आणि काचेवर टकटक केली. काउंटरवरची मुलगी समजूतदार होती. "काका, तलाठ्यांकडून जसं येतं तसंच आम्ही उतरवतो," ती म्हणाली. "तुम्हीच दिलेला जबाब आहे हा. खाली सही तुमचीच ना?"

सही त्याचीच होती. घडलं काय होतं तेही त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणूनच तो काउंटरवरून हलत नव्हता. गेल्या पंधरवड्यात तो तलाठी कार्यालयात जबाब द्यायला गेला, तेव्हा तिथे नेमका बाबली होता. बाबली म्हणजे त्याचा चुलत भाऊ, कुंपणापलीकडे राहणारा, पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवायला नेणारा. सातबारा काढायला आलोय म्हणाला आणि खिडकीशी पाठमोरा उभा राहून बाहेर बघत राहिला. पण त्या पाठीला कान होते. तलाठी मॅडम सांगलीकडच्या, नव्यानेच आलेल्या, कामाला चोख. त्यांनी विचारलं, "वर्षाचं उत्पन्न किती धरू?" घरून निघताना गुरुप्रसादने उत्तर घोकलं होतं. पर्यटकांना भाड्याने द्यायच्या तीन खोल्या, हंगाम जेमतेम चार महिने, खर्च वजा जाता जे काय हातात राहतं ते. पण बाबलीची पाठ दिसली आणि घोकलेलं सगळं वाहून गेलं. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, पुण्याची माणसं एका खोलीसाठी हातापाया पडतात तो आठवडा, त्याने उचलला आणि बारा महिन्यांवर पसरून टाकला, जसा काही वाडीत वर्षभर नाताळच असतो. खर्च धरलाच नाही. वर आंबा, काजू, बायको किशोरीच्या हातचं जेवण, जेवणाची तारीफ. बोलता बोलता आवाज चढत गेला. मॅडमनी पेन थांबवून विचारलं, "नक्की ना?" तर हा म्हणतो, "नक्की म्हणजे काय, कमीच सांगतोय." मग पंच म्हणून सही करायला बाबलीला बोलावलं. बाबली आला, आकड्यावर नजर टाकली, एक शब्द न बोलता सही ठोकून गेला. त्याचं ते न बोलणं गुरुप्रसाद घरी जाईपर्यंत चघळत होता.

हे आजचं थोडंच होतं. दोघे एकाच वर्षी जन्मलेले, एकाच शाळेत, एकाच बाकावर. नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर नारळ लढवायला जायचे. एकाने मुठीत नारळ धरायचा, दुसऱ्याने आपला त्यावर आपटायचा, ज्याचा फुटेल तो हरला आणि त्याचा नारळही गेला. त्यासाठी महिनाभर आधीपासून कठीण करवंटीचे नारळ हुडकायचे आणि एकमेकांपासून लपवायचे. एका वर्षी गुरुप्रसादने बाबलीचा नारळ पहिल्याच फटक्यात फोडला. सगळं बंदर ओरडलं. तर बाबली हाताचं पाणी चड्डीला पुसत शांतपणे म्हणाला, "मी मुद्दाम किडको आणललंय." झालं. गुरुप्रसादचा विजय तिथल्या तिथे नासला. त्यानंतर आयुष्य एका परीने ठरूनच गेलं. याने घराला रंग काढला की त्याने दगडी गडग्याला चुना मारायचा. त्याच्याकडे गणपतीला विजेची माळ आली की याच्याकडे दोन यायच्या. प्रेम नव्हतं असं नाही, प्रेम होतं आणि भरपूर होतं. बाबलीचं अपेंडिक्स फुटलं तेव्हा गोव्याच्या हॉस्पिटलात आठवडाभर त्याच्या उशाशी गुरुप्रसादच बसला होता, रोज त्याला पेज भरवत होता. आणि पेज भरवता भरवता, आपल्या खोल्यांचं बुकिंग कसं भरभरून चाललंय तेही सांगत होता. नळ्या लावलेला तो माणूस डोळे मिटून ऐकत होता, आणि चौथ्या दिवशी जरा बरं वाटल्याबरोबर त्याने डोळे उघडून विचारलं होतं, "खोलयेत गरम पाणी येता काय पण?"

स्कूटरवर मागे संचिता बसली होती. रस्ता ओला होता आणि गुरुप्रसाद गरजेपेक्षा सावकाश चालवत होता, कारण घर आलं की किशोरीला सांगावं लागणार होतं. या पोरीने आठ वर्षांची असताना खोल्यांचं बांधकाम चाललेलं बघून गवंड्याला सांगितलं होतं, की खिडकी या भिंतीला नको, त्या भिंतीला काढा, म्हणजे झोपलेल्या माणसाला माड दिसतील. गवंडी हसला, पण गुरुप्रसादने खिडकी तिथेच काढायला लावली. आज पाहुणा आला की तीच खोली मागतो. तेव्हापासून ही पोर कागदावर घरं काढते, आणि त्या घरांना तो आत जाऊन बघावं तसं बघतो. आणि तिचं कोल्हापूर आपण काय म्हणून घालवलं? एका पाठीला ऐकू जावं म्हणून. त्याला ऐपत हा शब्द आठवला आणि त्याची मजा वाटली, कडू मजा. लग्न ठरवायला गेलं की ऐपत फुगवून सांगायची, कॉलेजात गेलं की चेपून सांगायची, आणि आपल्यासारख्या माणसाला हे दोन दरवाजे लक्षातच राहत नाहीत. बाजारात तीन मजली हॉटेल असलेल्या माणसाचा मुलगा गेल्या वर्षी अडीच लाखांच्या दाखल्यावर फी माफ करून गेला. त्याला कसं बरोबर लक्षात राहिलं?

"बाबा," संचिता मागून म्हणाली, "तलाठ्याकडे तेवा बाबलीकाका होतो?"

त्याने नसलेला खड्डा चुकवला. "होतो आसतलो. माझा लक्ष खंय होता."

 मग तिचं कपाळ त्याच्या पाठीला टेकलं आणि पाठीवर हादरे बसू लागले. रडते आहे.  त्याने स्कूटर बाजूला घेतली, उतरला, मागे बघितलं, तर ती हसत होती. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. "बाबा, तुमी म्हणजे कठीण आसात," ती म्हणाली, आणि त्यालाही हसू फुटलं, भर रस्त्यात, अंगावर पाणी उडवत जाणाऱ्या टेम्पोला शिव्या घालायचंही विसरून. मग ती हसायची थांबली. ओढणीने तोंड पुसलं आणि खाली बघत म्हणाली, "पण माका जावचा आसा हां. खरांच जावचा आसा." एवढंच म्हणाली. त्याला वाटलं, हिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

किशोरीने शिव्या दिल्या नाहीत. तिने दाखला दोन्ही हातांनी धरून उजेडाकडे नेला, नवऱ्याकडे बघितलं, परत दाखल्याकडे बघितलं. "लोक दाखल्यात कमी लिवन घेतत," ती म्हणाली. "जास्ती लिवन घेणारे जगात तुमी पयलेच." मग तिनेच फोन त्याच्या हातात दिला आणि तलाठी मॅडमना लावायला लावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. खर्च वजा करायचा राहिला असं लिहून द्या, मी नवा जबाब घेते, म्हणाल्या. "पण पहिल्या जबाबावर ज्यांची पंच म्हणून सही आहे, त्यांनाच पुन्हा आणा. तुमच्या भावाला. त्यांनी समोर येऊन सांगायला हवं की हा आकडा चुकला होता. नाहीतर उद्या वरचे मलाच विचारतील." फोन ठेवला तेव्हा गुरुप्रसादचे कान गरम झाले होते. किशोरी गालातल्या गालात हसत भाजी चिरायला बसली. "जावा," ती म्हणाली, "कुंपण काय मोठा नाय."

कुंपण खरंच मोठं नव्हतं, पण ते ओलांडायला त्याला दुपार लागली. आधी त्याने मोटारपंपाची वायर तपासली. मग माडाखालची झावळं ओढली. मग जेवला. जगात बाबली सोडून कुणालाही आपण गरीब आहोत असं सांगायला त्याची हरकत नव्हती, कलेक्टरला सांगितलं असतं, पंतप्रधानांना सांगितलं असतं. बाबली घरापुढच्या खळ्यात बसून उसवलेलं जाळं शिवत होता. डॉल्फिनवाल्याला जाळं कशाला हवं, असं गुरुप्रसादच्या मनात आलं, पण त्याने विचारलं नाही. बाबलीची मुलगी दीपिका चहा ठेवून गेली. तीही यंदाच बारावी झालेली, संचितापेक्षा दोनच मार्क कमी. तिला पुढे शिकायचं नाही, घरातच राहायचंय, असं बाबली गेले काही दिवस सगळ्या वाडीला सांगत होता. पावसावर बोलून झालं, माशांच्या भावावर झालं. मग गुरुप्रसादने कपातल्या चहाकडे बघून एका दमात सांगून टाकलं, की मी वाढवून सांगितलं होतं, आणि तू परत येऊन सही कर.

"मी नाय," बाबली म्हणाला. "मी खोटी सही करूचंय नाय."

"अरे, आधीची खोटी होती."

"माका येड्यात काढू नको. तुझ्या खोलयेंका ए.सी. आसा."

"एका खोलयेक. तो पण जुनो. कणकवलीतल्या एका दुकानदारान टाकललो."

बाबलीने जाळं खाली ठेवलं. "आणि एप्रिलात ती पांढरी गाडी दारात आठ दिवस होती ती?"

"गिऱ्हायकाची. बिघाडली म्हणान ठेवन गेलो."

"तू रोज धुय होतंस तिका."

"धुय होतंय," गुरुप्रसाद म्हणाला. हे सांगताना त्याला आपलं सगळं अंग उघडं पडल्यासारखं वाटलं, आणि नवल म्हणजे गार वारा लागल्यासारखं बरंही वाटलं. म्हणून त्याने आणखी सांगितलं. पुण्याचे पाहुणे वर्षातून किती दिवस येतात, ॲपवाला किती कापून घेतो, चादरी कोण धुतं, गेल्या मे महिन्यात एक खोली नुसती रिकामी पडून होती आणि आपण संध्याकाळी तिथे मुद्दाम दिवा लावत होतो. दिव्याचं ऐकल्यावर बाबलीचा चेहरा बदलला. तो उठला, खळ्याच्या टोकापर्यंत गेला, परत आला. गुरुप्रसादला वाटलं, आता हा वाडीभर हसत सुटणार.

"मेल्या," बाबली म्हणाला, "तो दिवो बगून मी पुढल्या दारी टायलो घातलंय. म्हटलंय, ह्येचा एवढा चलता तर आमी काय दगड मारले?" तो घराच्या दाराकडे बघत राहिला. दाराशी निळ्या टाइल्स चमकत होत्या, अर्ध्या पायरीपर्यंतच घातलेल्या. "होडी पण माझी नाय. मालकाची. मी सुकाणू धरतंय, तो पैसे घेता. पावसात लोकांची जाळी शिवतंय. तुका सांगलंय ता सगळा थापा." मग आत कानोसा घेऊन आवाज उतरवला. "त्या दिवशी सातबाऱ्याक कोण गेललो? दीपिकाचो फार्मसीत नंबर लागलोहा. मी दाखलो काडूक गेललंय. तू इलंस आणि तुझा ता नऊ लाख ऐकलंय. मगे मी काय सांगतलंय होतंय? माझी सही झाली, आणि मी घराक इलंय. चेडवाक सांगलंय, शिकान काय करतलंस."

 आत भांडी वाजत होती, ती वाजायची थांबली होती. गुरुप्रसादच्या डोळ्यांसमोर ती खिडकीतली पाठ आली. त्या पाठीला कान होते हे त्याला दिसलं होतं, पण ती पाठ कशाला आली होती हे त्याला दिसलं नव्हतं. त्याला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा बाबलीपुढे आपलं काहीतरी जास्त आहे याची लाज वाटली. "तुझी मुदत कधी?" त्याने विचारलं. "शनवारच," बाबली म्हणाला. "मगे उद्या सकाळी दोघांनी जावया," गुरुप्रसाद म्हणाला. "चेडवांका पण घेवया."

शुक्रवारी तलाठी कार्यालयात मरणाची गर्दी होती. सगळ्यांना कसला ना कसला दाखला हवा होता. संचिता आणि दीपिका बाहेर पायरीवर छत्रीखाली बसल्या, दाराकडे तोंड करून. मॅडमनी कोरा कागद घेतला आणि बाबलीला म्हणाल्या, "तुम्ही सांगा. यांची परिस्थिती कशी आहे?" बाबलीने घसा साफ केला. आदल्या दिवशीचं मन मोकळं झालेलं, त्यात भावासाठी करायचं, मग तो कशाला हात आखडता घेतोय. ऑफिसात बोलायच्या मराठीत त्याने सुरुवात केली. "काय सांगू मॅडम, अगदीच हलाखी. खोल्या म्हणजे नुसत्या नावाला. उंदीर राहतात." गुरुप्रसादने पाय बदलला. "जेवण म्हणाल तर पाहुणा आला तरच मासे." गुरुप्रसादने दाताखाली ओठ धरला. मागे वाडीचीच चार माणसं उभी होती. "छप्पर ठिकठिकाणी गळतं. गाद्या तर अशा, की मुंबईचा एक माणूस अर्ध्या दिवसात उठून पळाला."

"गळत नाही," गुरुप्रसाद म्हणाला. "एक कौल सरकलंय. आणि तो माणूस आईची तब्येत बिघडली म्हणून गेला. गाद्या यंदाच नव्या भरल्यात, कापसाच्या." बोलून गेल्यावर त्याला कळलं, पण जीभ थांबेना. "मासे रोज असतात आमच्याकडे. पाहुणा नसला तरी."

मॅडमनी पेन उचललं. "म्हणजे उत्पन्न बरं आहे तर?"

ऑफिस गप्प झाल्यासारखं त्याला वाटलं. मागची चार माणसं, कपाटावरची पाल, भिंतीवरचा नकाशा, सगळे त्याच्याच तोंडाकडे बघतायत. आतून तो जुना चढता आवाज घशापर्यंत आला होता, आणि खरं सांगायचं तर तो आवाज फार गोड होता. मान जरा वळली तेव्हा पायरीवरची संचिता दिसली. ती काही खुणावत नव्हती, हात जोडत नव्हती. नुसती बघत होती, तो अडाणी गवंडी खिडकी कुठे काढतो हे बघावं तशी. "तीन लाख साठ हजार," गुरुप्रसाद म्हणाला. घोगरा आवाज निघाला, म्हणून त्याने पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं, मोठ्याने सांगितलं. "वर्षाचे. सगळं धरून. लिहा."

आणि काहीच झालं नाही. मागच्या चारातल्या कुणी मानही वर केली नाही. एक जण मोबाइलवर बाजारभाव बघत होता, एका म्हातारीने शेजारणीला विचारलं की लाइट गेली काय गो. चाळीस वर्षं ज्या गावासमोर आपण छाती काढून चालत होतो, ते गाव आपल्याकडे बघतच नव्हतं. बघत होता तो एकटा बाबली. मॅडमनी लिहिलं, सही घेतली, बाबलीची सही घेतली, शिक्का मारला. "संध्याकाळपर्यंत दाखला निघेल," त्या म्हणाल्या. पायरीवर संचिताने दीपिकाचा हात घट्ट धरला. "पुढचे?" मॅडम म्हणाल्या.

बाबली तिथेच उभा होता. त्याने मॅडमकडे बघितलं, मग बाहेर दीपिकाकडे, मग गुरुप्रसादकडे.  गुरुप्रसादला वाटलं आपण बाहेर जावं, याला मोकळेपणी बोलू द्यावं. तो वळला सुद्धा. तर बाबलीने त्याची बाही पकडली.

"हयच ऱ्हव," तो म्हणाला. मग मॅडमकडे वळून ऑफिसातली मराठी विसरून म्हणाला, "माका पण दाखलो होयो. चेडवाच्या फीक. माझा लिवा, एक लाख नव्वद हजार."

एक लाख नव्वद. त्या आकड्यात खळ्यातल्या जाळ्याची शिवण होती, अर्ध्या पायरीवर थांबलेल्या टाइल्स होत्या, आणि गुरुप्रसादला ते ऐकून रडूच यायला हवं होतं. पण आयुष्यभराची सवय अशी, की पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की मेल्याने इथेही आपल्याला हरवलं. ते बाबलीलाही कळलं असावं, कारण त्याच्या मिशा हलल्या. मग दोघेही हसायला लागले, तोंडावर हात ठेवून, वर्गात मास्तरांसमोर हसावं तसे. मॅडमनी एकदा याच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे.

"यात हसण्यासारखं काय आहे?" त्या म्हणाल्या. "पंच म्हणून कोण सही करणार?"

"मी आसंय," गुरुप्रसाद म्हणाला आणि त्याने पेन घेतलं.